मेलेल्या आयसींचा डबा

सर पेन्सिल दातांत धरून रिले ऐकायचे. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून आधी नीट सांगते.

रिले म्हणजे आगपेटीच्या निम्म्याने असलेली एक डबी. आत तारेचं वेटोळं असतं. त्यात थोडासा करंट सोडला की आतली पट्टी ओढली जाते, 'टक्' असा आवाज होतो आणि पंप, हीटर, मोटर, जे काही पुढे जोडलेलं असेल ते चालू होतं. करंट काढला की पुन्हा 'टक्', आणि बंद. सरांचा डावा कान वापीकडच्या एका कापड गिरणीतल्या मागांनी खाऊन टाकला होता. उजवा अर्धामुर्धा उरला होता. त्यांना टक् ऐकू यायचं नाही. मग ते लाकडी पेन्सिलचं एक टोक रिलेवर टेकवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. आवाज दातांतून हाडात आणि हाडातून कुठेतरी आत पोचायचा.

"आला," म्हणायचे. किंवा, "आला, पण लंगडत आला."

लंगडत आला म्हणजे रिलेला पुरते व्होल्ट मिळत नाहीत. आम्ही मीटर लावून बघायचो, तर खरंच बाराच्या जागी नऊ असायचे.

तलासरीच्या ज्या प्रशिक्षण केंद्रात मी आज शिकवते, तिथे मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते. मग चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर नोकरीला होते. पुढे त्यांना मुलांचे प्रश्न ऐकू येईनासे झाले तेव्हा केंद्राने त्यांना निरोप दिला आणि त्यांचं टेबल मला दिलं. मागच्या पावसाळ्यात ते घोलवडला वारले. त्यांच्याबद्दल लिहायचं तेव्हापासून मनात आहे. पण दिवसाच्या तीन बॅचा, त्यात हायवेचा धूर, घरी पोचल्यावर पेन धरण्याइतकंही त्राण उरत नाही. आज सुट्टी आहे म्हणून बसले आहे.

सर सगळ्यांना 'शेठ' म्हणायचे. पोरांना, पोरींना, शिपायाला, चहावाल्याला. "काय शेठ, वास कसला येतोय? रेझिस्टर भाजताय की पापड?" सुरुवातीला आम्हाला वाटायचं हे टिंगल करतात. तसं नव्हतं. आयुष्यभर ते शेठ लोकांच्या हाताखाली राबले होते, आणि इतके शेठ बघितल्यावर त्यांच्या मते त्या शब्दात काही उरलं नव्हतं, तो कुणालाही देता येत होता. रागावले की मात्र ते 'मॅडम' किंवा 'साहेब' म्हणायचे. सर आपल्याला मॅडम म्हणाले, की आपलं काहीतरी चुकलं आहे एवढं नक्की.

खिशात मीटर नसला तरी त्यांच्याकडे बल्ब असायचा. स्कूटरच्या इंडिकेटरचा बारीक बल्ब, त्याला दोन वायरी. "मीटरला फसवता येतं शेठ, तो नुसतं बघतो. बल्ब खातो. खायला घातल्याशिवाय पेटत नाही." एकदा कुणी मोठे अधिकारी केंद्र बघायला आले. सर पेन्सिल दातांत धरून, डोळे मिटून, एका बोर्डावर ओणवे झालेले. अधिकारी पाच मिनिटं उभे राहिले. सरांना पत्ता नाही. शेवटी ते आम्हाला म्हणाले, "यांची तब्येत बरी आहे ना?" आम्ही मान हलवली. सर तेवढ्यात सरळ झाले, पेन्सिल काढली आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "शेठ, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

आणि त्यांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात मेलेल्या आयसी. आयसी म्हणजे काळी चिप, दोन्ही बाजूंनी पाय फुटलेली, गोमेसारखी. खराब झालेली आयसी आपण कचऱ्यात टाकतो. सर प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी गुंडाळायचे आणि तिच्यावर ती कशाने मेली ते लिहायचे. 'वीज पडली.' 'उलटी बसवली.' 'मुंग्या.' 'विद्यार्थी.' बऱ्याच चिठ्ठ्यांवर नुसतं 'मी'. कारण सापडेपर्यंत चिठ्ठी कोरी राहायची आणि आयसी टेबलावरच पडून राहायची. तिला डब्यात जागा मिळायची नाही. "आयसी मरते, ते कुणीही सांगेल. मारतं कोण ते बघा," हे त्यांचं ठरलेलं. आम्हाला ते ऐकून कंटाळा यायचा. आता मीच ते मुलांना सांगते आणि त्यांना कंटाळा येतो.

सर गेल्यावर तो डबा काकूंनी, त्यांच्या बायकोने, मला दिला. त्यात कैनाडच्या तीन आयसी आहेत. एकीच्या चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात 'पाल' लिहिलं आहे. उरलेल्या दोघींच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत आणि त्यांवर एकेकच अक्षर आहे. त्यांची गोष्ट सांगते, म्हणजे सर कोण होते ते कळेल.

डहाणूजवळच्या कैनाड गावात बायकांच्या एका बचत गटाचं अंडी उबवायचं मशीन होतं. समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत, कपाटाएवढं. गावठी कोंबड्यांची अंडी ट्रेमध्ये लावायची, एकवीस दिवस ऊब द्यायची, पिल्लं काढायची. वरच्या डब्यात बोर्ड आणि समोर आकडा. आकडा सदतीसच्या थोडा वर गेला की हीटर बंद, खाली आला की चालू. हे चालू-बंद करणारा तो रिले. बोर्डाच्या मेंदूत रिले ओढण्याइतकं बळ नसतं, म्हणून मधे सोळा पायांची एक आयसी असते. मेंदू हळूच म्हणतो 'चालू', आयसी जोर लावून रिले ओढते. गड्याचं काम म्हणा ना.

मशीन बघायला गटाने एक बाई नेमली होती, मंजुळाताई. पस्तिशीची असेल. अंडी फिरवायची, पाण्याचा ट्रे भरायचा, आकडा बघायचा. अंड्यामागे बॅटरी धरून आत जीव धरलाय का ते ती मला दाखवायची. मला लाल जाळं दिसायचं, तिला पिल्लू.

सर घरी बसल्यावरच्या श्रावणात मशीन थंड पडलं आणि केंद्राला दुरुस्तीचं बोलावणं आलं. मी गेले. डबा उघडला तर आत पाल जळून चिकटलेली. तिने आयसी घालवली होती. ट्रेमध्ये अंडी थोडीच होती, ती मंजुळाताईने गावातल्या खुडूक कोंबड्यांखाली वाटून दिली आणि निभावलं. मी जुनी आयसी काढली. घाईत होते, शेवटची गाडी चुकायची भीती, आणि जोड डागायचा केंद्रातला बारीक सोल्डरिंग आयर्न कुणीतरी नेला होता म्हणून जाडा आणलेला. नवी आयसी बसवली, मशीन लावलं. रिले टक् टक् वाजला. हीटर लागला, बंद झाला. "झालं," म्हटलं आणि निघाले.

दसऱ्याच्या आसपास फोन आला. ट्रेच्या ट्रे शिजले. पिल्लं बाहेर यायला तीन दिवस राहिले होते.

मी पोचले तेव्हा खोलीत बायका जमल्या होत्या आणि वास येत होता. उकडलेल्या अंड्याचाच वास, पण तो तिथे यायला नको होता. गटाच्या अध्यक्ष सुमनताई एक अंडं फोडून बसल्या होत्या. आत पूर्ण पिल्लू होतं, पिसांसकट. मंजुळाताई भिंतीशी उभी राहून काहीतरी सांगत होती, बाकीच्या तिच्यावर ओरडत होत्या. मी डबा उघडला. मला त्या गलक्यात काम करवत नव्हतं. समोरचं तापमानाचं बटण पार खाली फिरवलेलं दिसलं, म्हणून मी मान वर न करता विचारलं, "हे बटण कुणी फिरवलं?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग सुमनताई म्हणाल्या, "बघ. मॅडम पण तेच म्हणतात."

मी काही म्हणाले नव्हते, विचारलं होतं. पण मी ते दुरुस्तही केलं नाही. आयसी गेली होती, ती बदलली. दुसऱ्या दिवसापासून मंजुळाताई मशीनवर नाही असं कळलं. मला वाईट वाटलं. एवढंच. पुढची बॅच होती, परीक्षा होत्या.

दिवाळीनंतर पुन्हा फोन. मशीन तापवायला लावलं होतं, ट्रे अजून रिकामे होते हे नशीब. आकडा चढत गेला, थांबेना. मी गेले. आयसी मेलेली. त्या दिवशी मी नवी बसवली नाही. बोर्डच काढून पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी तलासरीऐवजी घोलवडला उतरले.

सर एका चिकूच्या नर्सरीमागे दोन खोल्यांत राहायचे. कलमांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळत बसले होते. नर्सरीवाल्याने सांगितलं नव्हतं, हात रिकामे ठेववत नव्हते म्हणून. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने सांगितलं, "सर, कैनाडचं मशीन. आयसी उडाली."

"मग घाला नवी."

"तिसरी आहे सर. हल्ली माल डुप्लिकेट येतो, त्यामुळे..."

त्यांनी पट्टी गुंडाळणं थांबवलं नाही. "शेठ, एका घरात तीन सुना मेल्या, तर सुना डुप्लिकेट होत्या म्हणाल?"

काकू आतून म्हणाल्या, "त्यांना कुठे नेऊ नका हो. गुडघे गेलेत त्यांचे." सरांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. ते म्हणाले, "मी थकलोय. खरंच थकलोय. पण आपण दमलो म्हणून बिघाड दमत नाही. उद्या सकाळी या."

सकाळी आम्ही बसने डहाणू गाठलं, तिथून शेअर रिक्षा. सरांनी मधल्या बाकावर बसून सगळा वेळ डोळे मिटले होते. कैनाडला पोचल्यावर मी बोर्ड जागेवर लावायला घेतला, तर त्यांनी हात आडवा केला. सुमनताईंना विचारलं, "ते बिघडलं तेव्हा मशीनजवळ कोण होतं?"

"मंजुळा. ती नाही येत आता."

"का?"

"तिनेच बटण फिरवलं. या मॅडमनीच शोधलं ते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितलंत फिरवताना?"

"नाही सर. बटण फिरलेलं होतं. मी फक्त विचारलं, कुणी फिरवलं म्हणून."

"हं," ते म्हणाले. "त्यांना भेटल्याशिवाय मी डबा उघडणार नाही."

मंजुळाताई शेतावर होती. भात कापायचं चाललं होतं. खोलीपासून शेत लांब नव्हतं, पण बांधावरून सरांना एकेक पाऊल टाकत न्यावं लागलं. आम्हाला बघून ती उठली नाही. विळा चालूच. सर कसेबसे बांधावर टेकले आणि म्हणाले, "ताई, मला ऐकू कमी येतं. या बाजूने बोलाल का? त्या दिवशी काय काय झालं ते हवंय. पहिल्यापासून."

"आता कशाला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "झालं ते झालं."

"मशीनला तोंड नाही. तिथे तुम्ही होता. दुसरं कोण सांगणार मला?"

तिने विळा खाली ठेवला. मग ती त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि एकेक शब्द मोठ्याने सांगू लागली, अख्ख्या शेताला ऐकू जाईल असं.

"मी पाणी आणायला गेलेले. मशीनच्याच ट्रेला पाणी. आले तर आकडा पासष्ट. रोज आकडा वर गेला की टक् होतं आणि खाली येतो. तेव्हा टक् झालंच नाही. मी बटण खाली केलं. थोडं केलं, तरी टक् नाही. पार शेवटपर्यंत केलं, तरी नाही. मग मी पिन ओढली, दार उघडलं आणि पदराने वारा घालत बसले. सुमनताई आल्या तेव्हा बटण खाली, पिन बाहेर, दार उघडं. त्यांना वाटलं मीच खेळ केला. मी सांगत होते सगळ्यांना, टक् झालं नाही, टक् झालं नाही. कुणी ऐकलं नाही."

"टक् झालंच नाही?" सरांनी विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना. कान आहेत मला."

सर माझ्याकडे वळले. थकलेला चेहरा, पण डोळे पहिल्यासारखे झाले होते. "शेठ, ऐकलंत? टक् होऊन तापलं असतं, तर रिलेच्या पट्टीचे पॉइंट चिकटले म्हटलं असतं. टक् झालंच नाही, म्हणजे रिले सुटलाच नाही. आयसीने धरून ठेवला होता. आयसी आधी मेली, बटण नंतर फिरलं. यांनी अर्धं काम करून ठेवलंय, आणि ते तुम्हाला तेव्हाच मिळत होतं."

मिळत होतं. त्या गलक्यात ती हेच सांगत होती आणि मी बोर्डात डोकं घालून बसले होते.

परत खोलीत आलो. सरांनी मला नवी आयसी बसवायला लावली. मग बोटाने नववा पाय दाखवला. इथे थोडं सांगावं लागेल. रिलेचं वेटोळं करंट सोडताना गुमान सोडत नाही. जाता जाता उलटा झटका मारतं. त्या झटक्याला वाट मिळावी म्हणून आयसीचा नववा पाय थेट बारा व्होल्टच्या वायरीला जोडलेला असतो. झटका त्या वाटेने निघून जातो. वाट बंद असली तरी रिले अगदी व्यवस्थित चालतो. फक्त प्रत्येक 'बंद'ला आयसी एक तडाखा खाते. दिवसातून शेकडो वेळा. कधीतरी मरते.

मी मीटर लावला. नवव्या पायावर अकराच्या वर आकडा आला. "आहे सर," मी म्हटलं. मला हायसं वाटलं.

त्यांनी खिशातून बल्ब काढला. एक वायर वजा बाजूला, दुसरी नवव्या पायाला.

बल्ब पेटला नाही. पण रिले टक् करून ओढला गेला.

सरांनी ते ऐकलं नाही. त्यांनी माझा चेहरा बघितला. "वाजला?"

"वाजला."

"सरळ रस्त्याने करंट आला असता तर बल्ब पेटला असता. हा रिलेच्या वेटोळ्यातून वळसा घालून आलाय. म्हणून मीटर फसला. वाट तुटलीय."

भिंग लावून बघितलं. नवव्या पायाखालची तांब्याची टिकली बोर्डापासून उखडली होती, केसाएवढी फट. ती वाकडी होती आणि तिच्या कडेला बोर्ड काळा पडला होता. जाड्या आयर्नने जास्त वेळ दाबलं की होतं तसं. पालीने हे केलेलं नव्हतं.

सरांनी भिंग खाली ठेवलं. "मॅडम," ते म्हणाले, "पहिली आयसी तुम्ही बदललीत ना?"

"हो."

त्यांनी बारीक तारेचा तुकडा घेतला, नवव्या पायापासून बारा व्होल्टपर्यंत जोडला, बल्ब लावला. लखकन पेटला. मग चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कोंबड्या बघत.

सुमनताई आत आल्या. "सापडलं?"

"सापडलं," मी म्हटलं. "आत एक जोड सुटला होता."

आपल्या भाषेत गोष्टी आपोआप सुटतात, फुटतात, सांडतात. मोठी सोय आहे. सुमनताई खूश झाल्या. चहा ठेवायला सांगितलं. मी आयर्न गुंडाळत होते. त्या जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मंजुळाने बटण पिळलं तेव्हाच सुटला असेल, नाही?"

सर बाहेर होते, पाठ आमच्याकडे. त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं. मी 'हो' म्हटलं असतं, किंवा नुसती मान हलवली असती, किंवा काहीच बोलले नसते, तरी त्यांना कळलं नसतं. चहा पिऊन आम्ही निघालो असतो. मशीन चाललं असतं. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं आणि मला अतिशय थकवा आला होता. दोन महिने मी काहीतरी ओढत होते आणि ते काय होतं ते मला आत्ता कळत होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो जोड माझ्या हातून तुटला. श्रावणात. मंजुळाताईंनी काही केलं नाही. त्यांनी बटण फिरवलं ते मशीन वाचवायला."

सुमनताई दारातून मागे आल्या. "मग त्या दिवशी तुम्ही..." चहा आला. कुणी नीट प्यालं नाही.

बाहेर येऊन मी सरांच्या कानाशी सांगितलं, "सर, मी सांगितलं त्यांना." त्यांनी मान हलवली. हात पुढे केला, मी उठवलं. ते रस्त्याकडे न वळता पुन्हा बांधाकडे वळले.

"सर, गुडघे..."

"ज्याचं नुकसान झालं त्याला शेवटी सांगायचं का?"

मंजुळाताईने माझं सगळं ऐकून घेतलं. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. माफी मागितली एवढं आठवतं. तिने कापलेल्या भाताची पेंढी बांधली, बाजूला ठेवली.

"मी नाही केलं हे मला ठाऊकच आहे," ती म्हणाली. "मला कशाला सांगायला आलात? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

"सुमनताईंना सांगितलं."

"सुमनताई एकट्या आहेत? पाड्यावरची पोरं माझ्या पोरीला अंडीशिजवीची पोर म्हणतात. ती शाळेत जायला रडते."

सर तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. पण परतीच्या रिक्षात त्यांनीच विचारलं, "गटाची मीटिंग कधी असते?"

"महिन्याच्या शेवटी. मी जाईन सर. एकटी जाईन."

"मीही येतो."

"तुम्हाला काही ऐकू येणार नाही तिथे."

"मला कुठे काय ऐकायचंय," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

पुढचं थोडक्यात सांगते. मशीन अजून चालतंय, तीच आयसी आहे. मंजुळाताईला गटाने परत बोलावलं, ती गेली नाही. आता ती घोलवडला चिकू पॅकिंगला जाते. तिची मुलगी आमच्या केंद्रात नाही, तिला यात काही रस नाही, ती नर्सिंगचं बघतेय. सरांनी कैनाडचा विषय माझ्याकडे पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या महिन्यापासून मला पहिल्यासारखं शेठ म्हणायला लागले, तेव्हा मी घरी जाऊन रडले होते.

पण ती मीटिंग. समाजमंदिरात पंचवीसेक बायका खाली बसल्या होत्या. मला पुढे उभं केलं. दार माझ्या पाठीशी होतं. सर दाराजवळ भिंतीला टेकून बसले, वाऱ्याला. मी सगळं सांगितलं. पाल, जाडा आयर्न, तुटलेली टिकली, शिजलेले ट्रे. मंजुळाताई पाणी आणायला का गेल्या होत्या, आल्यावर त्यांनी काय काय केलं आणि ते का बरोबर होतं. मी विचारलेला प्रश्न कसा चुकीचा होता.

मला वाटलं होतं कुणी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. एकीने विचारलं, "आता परत बंद नाही ना पडणार?" दुसरी म्हणाली, "मंजुळाला निरोप द्या कुणीतरी." एक म्हातारी नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने मान फिरवली. सुमनताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा विषय घेतला, शाळेच्या खिचडीचा. मी उभीच होते. बसायचं की निघायचं कळेना.

बाहेर आलो. ऊन कललं होतं. रस्त्यापर्यंत चालत आलो. रिक्षा नव्हती. सर मैलाच्या दगडावर बसले आणि गुडघे चोळू लागले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

"काहीच झालं नाही सर," मी म्हटलं. "सगळ्या खिचडीवर बोलायला लागल्या. आणि जिच्यासाठी सांगितलं ती आलीच नाही."

त्यांना बहुधा अर्धंच ऐकू आलं. ते रस्त्याच्या टोकाकडे बघत होते.

"आली होती," ते म्हणाले. "तुमची पाठ होती म्हणून दिसली नसेल. दाराबाहेर उभी होती. तुम्ही सुरू केलंत तेव्हा आली, संपवलंत तेव्हा गेली."

मी मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"मी हात केला तिला, आत या म्हणून," सर म्हणाले. "नाही आली. डोक्यावर पेंढ्याचा भारा होता. एवढा वेळ उभी होती, पण तो काही तिने खाली ठेवला नाही."